खालून वर पोखरलेल्या गुहा : ज्वालामुखी प्रदेशांतलं गरम पाणी, वायू आणि खडक यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वालामुखीच्या प्रदेशातली गुहा म्हणजे लाव्हाची नळीच ना?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. लाव्हाच्या प्रवाहावर थंड कवच धरतं, आतला पातळ रस वाहून जातो आणि मागे लांबच लांब पोकळ बोगदा उरतो. हवाई बेटावरची काझुमुरा ही अशीच नळी, साधारण ६५ किलोमीटर लांब. पण अशी गुहा खडकाबरोबरच जन्माला येते. लाव्हा वाहायचा थांबला की तिची घडण संपली.

इथे ज्या गुहांबद्दल बोलायचं आहे त्यांची तऱ्हा निराळी. खडक आधीपासून असतो, बऱ्याचदा कोट्यवधी वर्षांचा जुना. पुढे कधीतरी खालून गरम पाणी आणि वायू येतात आणि त्याला आतून पोखरतात. गंमत अशी की पोखरला जाणारा खडक अनेकदा ज्वालामुखीचा नसतोच. ज्वालामुखी उष्णता आणि वायू पुरवतो, आणि झीज सोसते शेजारची चुनखडी.

हे गरम पाणी येतं कुठून? थेट शिलारसातून?

त्यातला थोडा भाग तिथून येतो. बाकीचं पाणी मुळात पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं. भेगांमधून ते काही किलोमीटर खोल उतरतं, शिलारसाच्या शेजारी तापतं, हलकं होतं आणि दुसऱ्या वाटेने वर निघतं. हार्मन क्रेग यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत ठिकठिकाणच्या गरम झऱ्यांमधली हायड्रोजन आणि ऑक्सिजनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासली, तेव्हा हायड्रोजनची खूण त्या त्या भागातल्या पावसाशीच जुळली.

पाणी असं स्थानिक असलं तरी त्यातले वायू मात्र खोलवरून आलेले असतात. मुख्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. शिलारस फार जवळ असेल तर सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइडही. गुहेच्या दृष्टीने खरं भांडवल हेच. दाबामुळे ते पाण्यात टिकूनही राहतं. नुसत्या १०० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाखाली पाणी १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही, त्यामुळे खोलवर वाफेपेक्षा वायूने भारलेलं तप्त पाणीच जास्त सापडतं.

म्हणजे पाणी गरम म्हणून खडक जास्त विरघळतो?

चुनखडीच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून तोच नियम आपण सगळीकडे लावतो. चुनखडीचं मुख्य खनिज कॅल्साइट हे मात्र पाण्याचं तापमान वाढेल तसं कमी विरघळतं. जड पाणी तापवणाऱ्या हीटरच्या कॉइलवर पांढरा टणक थर बसतो तो यामुळेच: पाणी तापतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेलं कॅल्साइट कॉइलला धरून बसतं.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने करा. खोलवर १५० अंशांचं पाणी चुनखडीतून जात आहे. त्या तापमानाला जेवढं कॅल्साइट मावतं तेवढं त्याने घेतलेलं आहे, आणखी एक कणही नको. हे पाणी भेगेतून वर चढू लागतं. आजूबाजूच्या थंड खडकाला उष्णता देत ते १०० अंशांवर येतं, मग ६० अंशांवर. दाब अजून पुरेसा असल्यामुळे वायू आतच कोंडलेला आहे. निवल्यामुळे पाण्याची कॅल्साइट घेण्याची ताकद वाढते, आणि मघाशी तृप्त असलेलं पाणी पुन्हा भुकेलं होऊन भेगेच्या भिंती खाऊ लागतं. म्हणजे गुहा पोखरली जाते ती पाणी निवताना. माझ्या मते या विषयातली कळीची गोष्ट हीच. ही पटली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आकड्यांत सांगायचं तर, मातीतून झिरपणारं साधं पाणी लिटरमागे पाव ग्रॅमच्या आसपास चुनखडी विरघळवतं. पाण्यावर एक वातावरण दाबाचा शुद्ध कार्बन डायऑक्साइड असेल तर २५ अंशांना हेच प्रमाण एक ग्रॅमच्या जवळ जातं. आपण कंजूष अंदाज धरू. एका भेगेतून सेकंदाला फक्त एक लिटर पाणी वर येतं आणि निवताना लिटरमागे ०.१ ग्रॅम नवी चुनखडी घेतं. वर्षाला झाले तीन टनांहून थोडे जास्त, म्हणजे साधारण १.२ घनमीटर खडक. दहा लाख वर्षांत बारा लाख घनमीटर! भूगर्भाच्या घड्याळात दहा लाख वर्षं काही फार नव्हेत.

मग गरम झऱ्यांच्या तोंडाशी चुनखडी साचलेली कशी दिसते?

कारण तिथवर येताना दाब उतरलेला असतो. पृष्ठभागाजवळ कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो, पाण्याचं आम्लपण ओसरतं आणि खालून उचललेलं कॅल्साइट ट्रॅव्हर्टाइनच्या रूपाने खाली बसतं. तुर्कस्तानातल्या पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्या, यलोस्टोनमधले मॅमथ हॉट स्प्रिंग्जचे कट्टे, सगळे असेच बांधले गेले. मॅमथला बाहेर साचलेला चुना जमिनीखालच्या जुन्या चुनखडीच्या थरांतूनच आलेला आहे. असे कट्टे बघताना मला नेहमी वाटतं, एवढा माल वर आला आहे तर खाली तेवढंच भगदाड पडलेलं असणार. पर्यटक मात्र फोटो काढतात ते पांढऱ्या पायऱ्यांचेच.

तेव्हा एकाच पाण्याचे दोन पट्टे धरायचे: खाली विरघळवणारा, वर साचवणारा. दोघांमधली सीमा कायमची नसते. पाण्याची पातळी खाली गेली की काल जिथे खडक विरघळत होता तिथे आज स्फटिक वाढू लागतात. अनेक गुहांच्या भिंतींवर कॅल्साइटचे टोकदार स्फटिक अस्तरासारखे बसलेले दिसतात ते म्हणूनच.

दोन पाणी मिसळल्यानेही गुहा होते म्हणतात, ते कसं?

स्विस अभ्यासक आल्फ्रेड बोएग्ली यांनी १९६४ मध्ये हे मांडलं. दोन पाणी आपापल्या परीने कॅल्साइटने पूर्ण भरलेली असली, पण त्यांच्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वेगळं असलं, तर मिश्रणात पुन्हा थोडी विरघळवण्याची ताकद येते. खालून येणारं गरम पाणी आणि वरून झिरपणारं गार पाणी जिथे भेटतात तिथे म्हणूनच मोठी दालनं पडतात.

गंधकाच्या गुहांचं काय? तिथे सल्फ्युरिक आम्ल असतं हे खरं का?

खरं आहे. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, खोलवर एकटा असताना तसा सौम्य. पाण्याच्या पातळीजवळ त्याला वरून आलेला ऑक्सिजन भेटला की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. इथे कार्बोनिक आम्लासारखी बेताबेताने देवाणघेवाण होत नाही. सल्फ्युरिक आम्ल चुनखडीवर तुटून पडतं. रेणूंच्या हिशेबाने एक ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड जवळपास तीन ग्रॅम चुनखडी फस्त करतं. वर त्या झटापटीत सुटलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरून आणखी थोडी विरघळवतो ते वेगळंच.

चुनखडीच्या जागी उरतं जिप्सम. ते कॅल्साइटच्या जवळपास दुप्पट जागा व्यापतं, त्यामुळे भिंतीवर त्याचा फुगलेला पांढरा पापुद्रा धरतो. हाताने दाबला तर ओल्या पिठासारखा वाटतो. वजन पेलेनासं झालं की तो गळून पडतो, मागची ताजी चुनखडी उघडी पडते आणि तिच्यावर पुन्हा जिप्सम धरू लागतं. खाली पडलेलं जिप्सम ओढ्याच्या पाण्यात सहज विरघळून वाहून जातं. स्टीफन एगेमायर यांनी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या लोअर केन गुहेत हा क्रम चालू असतानाच पाहिला आणि १९७०च्या दशकात मांडला. तोवर गुहा म्हटलं की पावसाचं पाणी, असंच बहुतेक जण धरून चालत.

या प्रकारची प्रसिद्ध उदाहरणं म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅड आणि लेचुगिया. एक खुलासा हवा: तिथला हायड्रोजन सल्फाइड ज्वालामुखीचा नाही, शेजारच्या तेल-वायूच्या खोऱ्यातला आहे. रसायन तेच, पुरवठादार वेगळा. मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातल्या विया लुस गुहेत मात्र वाद आहे. जवळच १९८२ मध्ये उसळलेला एल चिचोन ज्वालामुखी आहे आणि तेलक्षेत्रंही आहेत. गंधक कोणाकडून येतो यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

यात जिवाणूंचा हात असतो का?

असतो, आणि चांगलाच. विया लुसच्या छताला शेंबडासारखे चिकट, लिबलिबीत लोंब लटकतात. गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंच्या त्या वसाहती. त्यांच्या टोकावर जमलेल्या थेंबाचा सामू एकच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. असा थेंब कातडीवर पडला तर भाजतं, कपड्यावर पडला तर भोक पडतं. इटलीतल्या फ्रासास्सी गुहांच्या आतल्या भागातही असेच लोंब आहेत.

पूर्वी समज असा होता की आम्ल हवेत, ओलसर भिंतींवरच तयार होतं. ॲनेट एंगल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लोअर केन गुहेतूनच दाखवलं की पाण्याखाली चुनखडीला चिकटलेले जिवाणूही आम्ल सोडतात आणि ते नेमकं बसलेल्या जागी खडक खातं.

पावसाच्या पाण्याने झालेली गुहा आणि ही गुहा, आत गेल्यावर फरक कळतो का?

नजर बसली की कळतो. पावसाच्या गुहेला ओढ्याचं वळण असतं. पाणी एका टोकाने शिरतं, फांद्या एकमेकींना मिळतात, मार्ग उताराने जातो, भिंतींवर प्रवाहाने पाडलेल्या शिंपल्यासारख्या खोलगट खुणा असतात, तळाला वाळू-गोटे. खालून झालेल्या गुहेत यातलं जवळजवळ काहीच नसतं. मार्ग जाळीसारखे किंवा स्पंजसारखे गुंततात, मोठं दालन अचानक संपतं, बोळ भिंतीला टेकून आंधळा होतो. कुठून आलो आणि पाणी कुठून गेलं असेल, याचा मेळ लागत नाही.

पहिली खूण शोधायची ती तळात. जमिनीत अरुंद चिरा किंवा विहिरीसारखी भोकं असतात. पाणी वर आलं ते इथूनच. तिथून वर बघितलं की तिरप्या भिंतीच्या खालच्या अंगाला अर्ध्या पन्हळीसारखी खोबण चढत गेलेली दिसते, कारण गरम, हलकं पाणी छताला धरून वर सरकत असतं. ही खोबण छतातल्या घुमटापाशी पोचते. घुमटातून पुन्हा एखादी नळी वरच्या मजल्याला जाते. चिर, खोबण, घुमट हे तिन्ही एका ओळीत सापडले तर शंका फारशी उरत नाही. अलेक्झांडर क्लिमचुक यांनी अशा आकारांचा संच जगभरातल्या गुहांतून गोळा करून या प्रकाराला भक्कम पाया दिला. ते सतत बजावत आले की अशी गुहा व्हायला पाणी खालून यावं लागतं, ते गरमच असलं पाहिजे असं नाही.

आणि तोंड? बऱ्याचदा नसतंच. आपल्याला जे तोंड दिसतं ते नंतर डोंगर झिजल्यामुळे किंवा छत कोसळल्यामुळे योगायोगाने पडलेलं असतं.

छतातले ते गोल घुमट पाण्याने होतात की वाफेने?

दोन्हींनी. पाण्याची पातळी खाली गेल्यावर खालच्या गरम कुंडातून वाफ उठते, वरच्या गार छतावर तिचं दव धरतं. हे दव अगदी कोरं पाणी. त्यात एकही खनिज नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते छताची चुनखडी विरघळवतं, ओघळतं, आणि मागून पुन्हा नवं दव येतं. छताच्या खळग्यात गरम हवा अडकते, म्हणून खळगा अधिकच गोल होत जातो.

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर शाक्का गावाजवळ मोंते क्रोनियो डोंगरात हे काम आजही चालू आहे. आतली हवा ३८ अंशांच्या जवळपास आणि पूर्ण दमट. माणसाचं अंग घामाने थंड होऊच शकत नाही, त्यामुळे शोध घेणाऱ्यांना आत फार वेळ काढता येत नाही. तरीही ताम्रयुगातल्या माणसांनी तिथे मोठाले रांजण नेऊन ठेवले होते. त्याच किनाऱ्यासमोर १८३१ मध्ये समुद्रातून ज्वालामुखीचं एक बेट वर आलं आणि काही महिन्यांत लाटांनी ते धुऊन नेलं.

ज्वालामुखीमुळेच झालेल्या गुहेचं ठळक उदाहरण कोणतं?

माझ्या लेखी एल साकातोन. मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात, सपाट माळावर, पाण्याने भरलेलं एक गोल विवर. काठापासून पाण्यापर्यंत सुमारे २० मीटरचा कडा आणि त्याखाली ३१९ मीटर पाणी. पाणी कोमट, गंधकाचा वास असलेलं, आणि त्यावर गवताची बेटं वाऱ्याबरोबर सरकत असतात. १९९४ मध्ये नामवंत गुहा-पाणबुडे शेक एक्सली यांचा तळ गाठण्याच्या प्रयत्नात इथेच मृत्यू झाला. पुढे २००७ मध्ये नासाच्या पैशावर बांधलेल्या डेप्थएक्स या स्वयंचलित यंत्राने ध्वनिलहरींनी विवराचा पूर्ण नकाशा काढला. गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाखालच्या समुद्रात कधी यंत्र पाठवायचं झालं तर त्याची ही रंगीत तालीम होती.

मार्कस गॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विवराच्या घडणीचा जो उलगडा केला तो असा. इथली चुनखडी क्रिटेशस काळातली, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या शेवटच्या टप्प्यातली. शेजारीच तरुण ज्वालामुखी क्षेत्र आहे. तिथल्या शिलारसाने खालचं पाणी तापवलं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड भरलं. हे पाणी भेगांतून चढत खोलवर प्रचंड पोकळी करत गेलं आणि अखेर छत कोसळून वर भोक पडलं. त्याच परिसरातल्या इतर काही विवरांवर नंतर ट्रॅव्हर्टाइनचं झाकण धरलं. पाणी आधी पोखरतं आणि मग वायू सुटू लागला की तेच पाणी स्वतःच्या विवराचं तोंड बुजवतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

इटलीत रोमजवळचं पोत्सो देल मेर्रो, ३९२ मीटर खोल, हेही याच कुळातलं मानलं जातं.

बेसॉल्ट किंवा ज्वालामुखीच्या राखेच्या खडकात अशा गुहा होतात का?

होतात, पण बेताच्या. हे खडक चुनखडीसारखे साफ विरघळत नाहीत. वाफ आणि आम्ल त्यांचं आधी मातीत रूपांतर करतात. फेल्डस्पार या त्यांतल्या मुख्य खनिजाचं केओलिन होतं, म्हणजे मऊ, पांढरी चिकणमाती. मग पाणी ती माती वाहून नेतं आणि पोकळी उरते. गंधकाच्या धुराड्यांभोवती जमीन पायाखाली भुसभुशीत लागते आणि कधी अचानक खचते, ती यामुळेच. अशा जागी आखलेली पायवाट सोडू नये.

आम्ल फारच कडक असलं, सामू दोनच्या खाली, तर खडकातलं सिलिका सोडून बाकी जवळपास सगळं निघून जातं. असा दगड हातात घेतला तर हलका लागतो आणि त्यात चौकोनी-आयताकृती भोकं दिसतात. प्रत्येक भोक म्हणजे एका फेल्डस्पार स्फटिकाची रिकामी झालेली जागा. याच भोकांमध्ये नंतर सोनं साचू शकतं, म्हणून खाणवाल्यांना हा दगड ओळखता यावाच लागतो.

सिलिकाचं वागणं कॅल्साइटच्या उलट. तापमान वाढलं की ते जास्त विरघळतं, निवलं की साचतं. त्यामुळे अशा प्रदेशात वर चढणारं पाणी वाटा मोठ्या करण्याऐवजी आतून लिंपत जातं. यलोस्टोनच्या ओल्ड फेथफुल या गायझरच्या, म्हणजे ठरावीक वेळाने उसळणाऱ्या गरम झऱ्याच्या, नळीत १९९०च्या दशकात कॅमेरा सोडला तेव्हा दिसलं की एका ठिकाणी ती वीतभरही रुंद नाही. कामचटकातल्या गायझरांत असेच कॅमेरे उतरवले गेले. नळीच्या बाजूला छत असलेले खळगे निघाले, त्यांत वाफेचे बुडबुडे कोंडतात आणि ठरावीक वेळाने सुटतात. त्याही गुहाच, फक्त माणूस मावेल अशा नाहीत.

बर्फातल्या गुहा यात धरायच्या का?

काही जण धरतात. अंटार्क्टिकातला माउंट एरेबस, अमेरिकेतला माउंट रेनियर, आइसलंडमधलं क्वेर्कफ्योल, इथे ज्वालामुखीची वाफ हिमाच्या तळाशी बोगदे वितळवते. विरघळणं नाही, नुसतं वितळणं. आकार दर वर्षी बदलतो.

नाइकाच्या महाकाय स्फटिकांची गुहा याच प्रकारची ना?

हो, आणि तिची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या चिवावा राज्यात नाइका ही शिसं, जस्त आणि चांदीची खाण. १९१० मध्ये १२० मीटर खोलीवर तलवारींसारख्या स्फटिकांची एक गुहा सापडली होती. २००० साली जवळपास ३०० मीटर खोलीवर बोगदा खणताना कामगारांना दुसरी सापडली. तिच्यात जिप्समचे पारदर्शक खांब आडवेतिडवे पडलेले, काही ११ मीटरहून लांब. हवा ५० अंशांच्या वर, दमटपणा शंभर टक्क्यांजवळ. खास पोशाखाशिवाय दहा मिनिटंही थांबणं जिवावर बेतू शकतं, कारण श्वासातली वाफ फुफ्फुसातच पाणी होऊ लागते.

सुमारे २.६ कोटी वर्षांपूर्वी इथे खाली शिलारस घुसला. तप्त, खारट पाण्याने चुनखडीत भेगा-भोकं केली, धातूंची खनिजं साचवली आणि बरंचसं ॲनहायड्राइटही. ॲनहायड्राइट म्हणजे पाणी नसलेलं जिप्सम. ही दोन्ही खनिजं साधारण ५८ अंशांच्या आसपास एकमेकांशी बरोबरीत असतात. त्याच्या वर ॲनहायड्राइट टिकतं, खाली जिप्सम. खालचा शिलारस अतिशय हळूहळू निवत होता आणि गुहेतलं पाणी या सीमेच्या किंचित खाली येऊन तिथेच लाखो वर्षं रेंगाळलं. ॲनहायड्राइट थेंबाथेंबाने विरघळत होतं, जिप्सम तितक्याच सावकाशीने वाढत होतं. नवे स्फटिक उगवावेत इतकी घाई कधीच नव्हती, म्हणून जे थोडे होते तेच वाढत राहिले. ख्वान मानुएल गार्सिया-रुइस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे स्पष्टीकरण दिलं. नंतर मोजलेल्या वाढीच्या वेगावरून सर्वांत मोठ्या स्फटिकांना दहा लाख वर्षांच्या आसपास लागली असावीत.

आपण ती पाहू शकलो ते खाणीने पाणी उपसलं म्हणून. उपसा थांबल्यावर गुहा पुन्हा पाण्याखाली गेली. हळहळणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते स्फटिकांसाठी तेच बरं. हवेत ते निस्तेज होऊ लागले होते.

पाणी कधीच निघून गेलं असेल, तर ते गरम होतं हे कळतं कसं?

स्फटिकात अडकलेल्या थेंबावरून. कॅल्साइट वाढताना त्याच्या आत पाण्याचा अतिसूक्ष्म थेंब बंद होतो. पुढे स्फटिक निवतो, थेंब आकसतो, आणि रिकाम्या जागेत एक बुडबुडा तयार होतो. प्रयोगशाळेत स्फटिकाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हळूहळू तापवतात. बुडबुडा लहान होत होत एका क्षणी नाहीसा होतो. ते तापमान म्हणजे स्फटिक वाढला तेव्हाचं किमान तापमान. पाणी ५० अंशांहून कमी असेल तर बहुधा बुडबुडा होतच नाही. मग ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर भिस्त ठेवावी लागते.

गंधकाच्या गुहांना आणखी एक सोय आहे. आम्ल मातीशी भिडलं की अल्युनाइट नावाचं खनिज तयार होतं. त्यात पोटॅशियम असतं, त्यामुळे त्याचं वय काढता येतं. कार्ल्सबॅडच्या परिसरातल्या गुहांची वयं अशी मोजली तेव्हा ती ४० लाख ते १.२ कोटी वर्षं निघाली.

अशा गुहेत जाणं कितपत धोक्याचं?

साध्या गुहेपेक्षा बरंच जास्त, आणि मुख्य धोका दिसत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो खळग्यात साचून राहतो. हवेत तो साधारण ०.०४ टक्के असतो. दहा टक्क्यांच्या पुढे माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. मॅमथ हॉट स्प्रिंग्जमध्ये एका मृत झऱ्याच्या पोकळीत पूर्वी शिडी लावून पर्यटकांना उतरवत. आत कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून ती जागा पुढे बंद करावी लागली.

हायड्रोजन सल्फाइड त्याहून दगाबाज. अगदी कणभर असला तरी वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून पुढे जाणारा माणूस सरळ त्याच्या तोंडी जातो. पाचशेच्या वर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. वायुमापक सोबत नसेल तर आत पाऊल टाकू नये, मग सोबतचा माणूस कितीही अनुभवी असो.

तोंडच नसेल तर अशा गुहा सापडतात तरी कशा?

बहुतेक वेळा दुसरं काही शोधताना. बुडापेस्टच्या बुडा भागाखाली गरम पाण्याने केलेल्या गुहांचं जाळं आहे (तिथे उष्णता ज्वालामुखीची नाही, पातळ झालेल्या भूकवचाची आहे). त्यातली पाल-व्योल्डी गुहा १९०४ मध्ये दगडाच्या खाणीत उघडी पडली. खाणकामगारांना नाइका सापडली. विंधन यंत्रावर काम करणाऱ्यांना तर हे चांगलंच परिचयाचं: दांडा खडक कापत असतो, एकाएकी सरसर खाली जातो आणि भोकात सोडलेला चिखल वर यायचा थांबतो.

कधी वारा सांगतो. लेचुगियाचं तोंड म्हणजे एक साधा खड्डा होता, तळाला दगडमातीचा ढीग. पण बाहेरचा हवेचा दाब बदलला की त्या ढिगाऱ्यातून वारा घोंगावत असे. एवढी हवा आत-बाहेर करायला आत तेवढी मोठी पोकळी लागते, हे हौशी गुहाशोधकांनी ताडलं, परवानगी काढून ढीग उपसायला घेतला आणि १९८६ मध्ये ते आत उतरले. आजवर तिथे २४० किलोमीटरहून जास्त मार्ग मोजून झाले आहेत, आणि मोजणी अजून चालूच आहे.